टिचबटण

"बटन लगाओ," आमचे गाईड चाचाजी म्हणाले.

माझ्या भावाने पोंचोच्या गळ्याशी हात नेला. तिथे एक टिचबटण होतं, पावसाळी कोटांना असतं तसं साधं. दोन चकत्या एकमेकींवर आणायच्या आणि अंगठ्याने दाबायचं. त्याने एक चकती धरली, ती सुटली. परत धरली, परत सुटली. दुसरा हात भलतीकडेच, पोंचोच्या घडीत शिरला. बर्फाचा बारीक रवा वाऱ्याबरोबर आडवा येत होता आणि त्याच्या भुवयांवर साचत होता. तो बटणाकडे बघत नव्हता. कुठेच बघत नव्हता. मी पुढे होऊन बटण लावायला गेले, तर चाचाजींनी माझं मनगट धरलं. "आप नहीं. इनको करने दो."

अर्धं मिनिट गेलं असेल. बटण लागलं नाही.

"ताई, मी थीक आहे," तो म्हणाला. ठीकमधला ठ त्याच्या जिभेवर येत नव्हता.

चाचाजींनी त्यांच्या मदतनीस पोराला कुल्लवीत काहीतरी सांगितलं. तो उड्या मारत खाली पळाला. मग त्यांनी आम्हा सातही जणांना हाताने उताराची दिशा दाखवली. हामटा पास तिथून जेमतेम तासाभरावर होता.

मला राग आला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला भावाची काळजी वाटण्याआधी राग आला. वर्षभर सिंहगडाच्या वाऱ्या केलेल्या, जुळवून आणलेल्या रजा, चंदीगडहून परतीची तिकिटं, आणि आता एका तासासाठी मागे? मी म्हणाले, "उसको गरम चाय दे दो, चल लेगा. एक घंटा तो बचा है." चाचाजी भावाच्या सॅकचे पट्टे सोडवत होते. वर न बघता म्हणाले, "चढ़ने का एक घंटा है, मैडम जी. उधर उतरने का?"

उधर म्हणजे पासच्या पलीकडे, लाहौलच्या बाजूला. तो उतार तीव्र, घसरड्या मुरमाचा, आणि जुलैच्या सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी बर्फाचा. शियागोरूचा मुक्काम गाठायला अडीच-तीन तास. तिथे पोचेपर्यंत ना तंबू, ना चूल, ना आडोसा. हे सगळं मला माहीत होतं. नकाशा मीच सगळ्यांना समजावून सांगितला होता.

हामटा पास ४,२७० मीटर उंच आहे. हिमालयातल्या खिंडींमध्ये हा आकडा काही मोठा नाही. मनालीपासून गाडीने जोब्र्यापर्यंत जायचं, तिथून चिका, मग बालू का घेरा, मग पास ओलांडून शियागोरू, आणि शेवटी छतरू. चालायचे चार दिवस. 'हिमालयातला पहिला ट्रेक' म्हणून महाराष्ट्रातून दर वर्षी गटच्या गट इथे येतात. आम्ही तर सह्याद्रीत तीस वर्षं काढलेली माणसं. पावसाची आम्हाला भीती कसली?

माझ्या मते आमची चूक इथेच होती, आणि ती एकट्या आमची नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पाऊस हा सण असतो. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. वडील आम्हा दोघांना ऐन जुलैत एसटीने वैशाखऱ्याला न्यायचे आणि तिथून नाणेघाट चढवायचे. सातवाहनांच्या काळापासून वाहती असलेली ती वाट. पायऱ्यांवरून गुडघाभर पाणी उतरत असायचं. वरच्या लेण्यात ब्राह्मी शिलालेखाखाली बसून भिजलेल्या दशम्या खायच्या, मग घाटमाथ्यावरच्या त्या मोठ्या दगडी रांजणाला हात लावून यायचं. कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर भिरकावतो, ते अंगावर घ्यायला आम्ही कड्याच्या अलीकडे रांगत जायचो. अंगावर सुती सदरा, डोक्यावर काही नाही. घाटघरला कुणाच्या तरी पडवीत चहा मिळाला की अंग आपोआप वाळायचं. भिजायलाच तर जायचं असतं, असं वडील म्हणत.

त्या पावसात हवा विसाच्या वर असते. अंग ओलं झालं तरी शरीर तेवढी ऊब सहज भरून काढतं. हामट्याच्या वरच्या टप्प्यावर त्या सकाळी शून्याच्या आसपास असेल, आणि वारा. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरतो, दर श्वासाला प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी, त्यामुळे शरीराची भट्टीही मंद पेटते. ओलं कापड अंगाला चिकटलं की कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून नेतं. आणि सुती कापड एकदा भिजलं की वाळायचं नाव घेत नाही. माझ्या भावाने फ्लीसच्या आत सुती टी-शर्ट घातला होता. "घाम टिपायला सुतीच बरं," असं पुण्यात सामान भरताना मीच त्याला सांगितलं होतं. गळ्याशी उकडतं म्हणून ते टिचबटण त्याने चढावर पहाटेच उघडलं होतं. वरून पाऊस आत, आतून घाम बाहेर. दोन तासांत फ्लीस, टी-शर्ट सगळं एक झालं.

चाचाजींनी त्याला एका घरभर मोठ्या दगडाच्या आडोशाला बसवलं. आम्ही चौघींनी दोन पोंचो धरून भिंत केली. त्यांनी त्याचा टी-शर्ट वर ओढून काढला आणि बाजूला टाकण्याआधी एकदा पिळला. धार लागली. नळाची लागावी तशी. मग स्वतःच्या सॅकमधून एक जाडजूड, हाताने विणलेला लोकरी स्वेटर काढून त्याच्या अंगात घातला, वरून माझं कोरडं जाकीट, डोक्याला टोपी. गुळाचा खडा तोंडात घातला. गंमत म्हणजे तो तोपर्यंत कुडकुडत नव्हता, आणि मला ते चांगलं लक्षण वाटलं होतं. सकाळी त्याचे दात वाजत होते, आता वाजत नाहीत, म्हणजे अंग गरम झालं असणार. खरं नेमकं उलट असतं. शरीराचं आतलं तापमान उतरायला लागलं की आधी कुडकुडणं सुरू होतं. ते कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी चालवलेली धडपड. आणखी खाली गेलं की ती धडपडही थांबते. त्याआधी बोटं ऐकेनाशी होतात, पाय अडखळतात, शब्द बोबडे होतात, आणि माणूस चिडचिडा किंवा एकदम निमूट होतो. ज्याला होतंय त्याला यातलं काही कळत नाही. तो 'मी ठीक आहे' असंच म्हणतो. म्हणून चाचाजी कुणाला कसं वाटतंय हे विचारत नाहीत. बटण लावायला सांगतात.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं की सकाळपासून त्यांनी एकेक करून आम्हा सर्वांना काही ना काही करायला लावलं होतं. कुणाला बाटलीचं झाकण उघडायला, कुणाला बुटाची नाडी बांधायला. मला एका वळणावर त्यांनी "मैडम जी, टाइम क्या हुआ?" असं विचारलं होतं. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. ते मला तेव्हा दिसलंही होतं.

पावसामुळे त्या दिवशी सामान लादायला उशीर झाला होता आणि खच्चरं अजून बालू का घेऱ्याच्या थोडीच वर आली होती. ती आमच्या पुढे निघून पास ओलांडून गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम करत नाही. पळत गेलेल्या पोराने त्यांना अडवलं, आणि आम्ही उतरून आलो तेव्हा एक तंबू उभा होता. भावाला दोघांनी दोन बाजूंनी धरून आणला. स्लीपिंग बॅगेत घालून, गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवल्या. आमच्यातल्या एकाने हातपाय चोळायला घेतले, तर चाचाजींनी थांबवलं. गारठलेले हातपाय चोळले की तिथलं थंड रक्त आत हृदयाकडे येतं. एकाकडे ब्रँडी होती, तीही त्यांनी परत सॅकेत ठेवायला लावली. साखर घातलेलं कोमट पाणी घोट घोट पाजलं. मी त्याच्या उशाशी बसले होते. पाऊण तास गेला असेल. मग त्याच्या जबड्याला एक हिसका बसला, दुसरा बसला, आणि दात वाजायला लागले. सगळं अंग थडथडायला लागलं, तंबूची चटई हलायला लागली. मी घाबरून चाचाजींना हाक मारली.

त्यांनी आत डोकावून बघितलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले. "काँप रहा है. बहुत अच्छा है."

बालू का घेरा हे साधारण ३,६०० मीटरवरचं एक सपाट खोरं आहे. नदी तिथे पसरते, रेतीतून तिचे चार-पाच फाटे होतात, आणि तिन्ही बाजूंनी कडे उभे. स्वच्छ दिवशी तिथून वर हिमशिखरं दिसतात म्हणे. आम्हाला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फक्त ढगाची खालची बाजू दिसली.

दुसरा दिवस आम्ही थांबलो. चाचाजींनी विचारलं नाही, सांगितलं. पाऊस रात्रभर पडून सकाळीही चालूच होता, मोठा नाही, पण न थांबणारा. नदीचा आवाज बदलला होता. दगड पाण्याखालून गडगडत जाताना एक जाड, पोटात जाणवणारा आवाज येतो, तो येत होता. मी दर पंधरा मिनिटांनी तंबूची चेन उघडून बाहेर बघत होते. चंदीगडचं विमान माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

दुपारी पाऊस जरा थांबला, तेव्हा मी बाहेर पडले. नदीच्या वरच्या अंगाला एका तिरक्या कपारीखाली एक गद्दी मेंढपाळ बसला होता. गद्दी हे चंबा-भरमौरकडचे. त्याची शे-दोनशे मेंढरं आणि बकऱ्या उतारावर पाठमोऱ्या, वाऱ्याकडे शेपट्या करून उभ्या होत्या. अंगात जाड पांढुरक्या लोकरीचा चोला, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढेच्या वेढे. त्या दोराला डोराच म्हणतात. चोल्याच्या छातीशी एक फुगवटा होता आणि तो हलत होता. मी जवळ गेले तेव्हा त्यातून एका कोकराचं ओलं नाक बाहेर आलं. वेढे घट्ट असल्यामुळे चोल्याच्या वरच्या भागाचा खिसा होतो आणि त्यात दोन-तीन दिवसांचं कोकरू सहज मावतं. तो माणूस टकळीवर लोकर कातत होता. बोलताना त्याची बोटं एकदाही थांबली नाहीत.

माझ्या मनात लगेच आपले धनगर आले. तो चोला आणि आपली घोंगडी, ती टकळी, कोकरू पोटाशी धरायची रीत. दिवाळीनंतर पुण्याजवळून मेंढरं आणि घोड्यांवर लादलेले संसार घेऊन ते कोकणाकडे उतरतात, आणि पावसाच्या आधी घाट चढून पुन्हा देशावर येतात, कारण कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही. गद्दी तेच करतात, फक्त उंची वेगळी. जून-जुलैत मान्सून कुलू-चंब्याच्या डोंगरांवर चढतो, तेव्हा ते कळप घेऊन या खिंडी ओलांडतात आणि लाहौलमध्ये जातात, कारण डोंगराच्या पलीकडे पाऊस पोचत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजारही नाही, हे आम्ही शाळेत पर्जन्यछायेच्या धड्यात शिकलो. पण त्या छायेत जाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या डोंगर ओलांडणारी माणसं आपल्या घाटांवरही आहेत आणि इथेही आहेत, हे मला त्या कपारीखाली बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

खिंडीला ते जोत म्हणतात. "जोत पर कब जाओगे?" मी विचारलं.

त्याने वर बघितलं, मग मेंढरांकडे. म्हणाला, इथे पाचवा दिवस आहे. मोठी मेंढरं गेली असती, कोकरं भिजली तर जोतीवर मरतात. मग त्याने मला विचारलं, "आपके पास कितने दिन हैं?"

मी खरं ते सांगितलं. एक. फार तर दीड.

तो काही बोलला नाही. टकळीला पीळ देत राहिला. त्याच्याकडे किती दिवस आहेत, हे मी विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती, चोल्यातलं कोकरू समोर होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि मी वाचलेल्या, ऐकलेल्या गोष्टी एकेक करून आठवत राहिले. २०१४ सालचा ऑक्टोबर. हुडहुड चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचं उरलंसुरलं वादळ उत्तरेला सरकत दोन दिवसांनी नेपाळच्या अन्नपूर्णा भागात बर्फ होऊन कोसळलं. थोरोंग ला, ५,४१६ मीटर. एरवी ऑक्टोबर म्हणजे तिथला सर्वांत भरवशाचा महिना, त्यामुळे त्या दिवशी पासवर शेकडो माणसं होती. तिथल्या चहाच्या दगडी टपरीत कितीतरी जण दाटीवाटीने अडकले होते, आणि त्यातले काही संध्याकाळ व्हायच्या आत खाली पोचू म्हणून बाहेर पडले. त्या वादळात त्या भागात किमान ४३ जण गेले. ट्रेकर होते, गाईड होते, भारवाहक होते, गावकरीही होते. बंगालच्या उपसागरातलं वादळ मुक्तिनाथच्या वर माणसं मारेल, असं कुणाच्या मनात आलं असेल? आणि २०२३ च्या जुलैमध्ये, छतरूहून पुढे आम्ही जाणार होतो त्या चंद्रताल सरोवरापाशी, मान्सून आणि पश्चिमी झंझावात एकत्र आले आणि अडीचशेहून जास्त माणसं ऐन पावसाळ्यात बर्फात अडकली होती. त्यांना सुखरूप बाहेर काढायला काही दिवस लागले. हे सगळं मला निघण्याआधीपासून ठाऊक होतं. मी त्याबद्दल आमच्या गटात बोललेही होते. तरी पासच्या एक तास अलीकडे मी 'चाय दे दो' म्हणाले होते.

बातम्यांमध्ये आपण 'निसर्गाचा प्रकोप' असं लिहितो. त्या शब्दांत तिथल्या माणसांचे निर्णय दिसत नाहीत. टपरीत थांबायचं की बाहेर पडायचं, हा निर्णय वादळ घेत नाही. तो दमलेलं, गारठलेलं, वेळापत्रक डोक्यात असलेलं माणूस घेतं, आणि त्याच वेळी त्याच्या बोटांना टिचबटणसुद्धा लागत नसतं.

पहाटे साडेतीनला चाचाजींनी तंबूवर टकटक केलं. मी बाहेर आले. आधी काहीच कळेना, मग लक्षात आलं की आवाज नाहीये. पाऊस नव्हता. नदीसुद्धा उतरली होती, कारण रात्रभर वर गोठलं होतं. आणि वर, कड्यांच्या मधल्या फटीत, चांदण्या. इतक्या की मध्ये अंधाराला जागा नव्हती.

भावाला नेऊ नये, असं मला वाटत होतं. चाचाजींनी त्याला उठवलं, चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, बोलतं केलं, रात्री काय जेवला ते विचारलं. मग मान डोलावली. या वेळी त्याच्या अंगात सर्वांत आत माझा लोकरी बनियान होता.

गद्द्याचा कळप आमच्याही आधी निघाला होता. पुढे वर कुठेतरी, काळ्या-पांढऱ्या उजेडात, शीळ ऐकू येत होती आणि शेकडो छोट्या खुरांनी दगड घसरल्याचा आवाज. आम्ही त्या आवाजामागून चढत राहिलो. हामट्याचा चढ पायरीपायरीने वर जातो. एक माथा दिसतो, वाटतं हाच पास, तिथे पोचलं की पुढे आणखी एक. बर्फाच्या पट्ट्या रात्री गोठून टणक झाल्या होत्या, पाय रुतत नव्हते. वाटेवर कुणीकुणी रचलेल्या दगडांच्या लगोऱ्या होत्या. परवा त्या धुक्यात आम्हाला दहा पावलांवर दिसत नव्हत्या, आज एकीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी सरळ दिसत होती. तो घरभर मोठा दगड आला. त्याच्या पायथ्याशी माझ्या भावाचा टी-शर्ट पडलेला होता. गोठून फळीसारखा ताठ झाला होता. त्याने तो उचलला आणि सॅकच्या बाहेरच्या जाळीत खोचला. आम्ही दोघं काही बोललो नाही.

साडेआठच्या सुमारास पासवर पोचलो. पताका, दगडांचा ढीग, आणि वारा. मागे वळून बघितलं तर ढग खाली राहिले होते आणि त्यांच्या वर इंद्रासन आणि देव टिब्बा, दोन्ही ६,००० मीटरच्या वर, ताज्या बर्फाने इतके पांढरे की डोळे मिटावे लागले. पुढे बघितलं तर दुसराच देश. झाड नाही, हिरवं काही नाही. तांबूस, राखाडी, उघडेबोडके डोंगर, आणि आकाश निळं, कोरडं. मागे पावसाळा आणि पुढे उन्हाळा, दोघांच्या मध्ये वीस पावलांची ती जागा. नाणेघाटावर उभं राहिलं की कोकणाकडून आलेलं धुकं माथ्यावर येऊन विरतं, तेच इथे कितीतरी मोठ्या मापाने होत होतं. ढगाचा एकेक पदर खिंडीपर्यंत चढायचा आणि आमच्या पायांशी येऊन नाहीसा व्हायचा.

तिथे चाचाजींनी माझ्या भावाकडे नुसतं बघितलं. काही म्हणाले नाहीत. त्याने हातमोजे काढले, पोंचोच्या गळ्याशी हात नेला आणि बटण लावलं. टिच असा आवाज वाऱ्यातही ऐकू आला.

पलीकडचा उतार फार बोलण्यासारखा नाही. घसरडा, कंटाळवाणा, गुडघ्यांची परीक्षा बघणारा. शियागोरूला एक रात्र. दुसऱ्या सकाळी तिथली नदी लवकर ओलांडली, कारण दुपारपर्यंत उन्हाने बर्फ वितळून पाणी वाढतं. हातात हात गुंफून साखळी केली, आणि मांडीपर्यंतच्या त्या पाण्यात पायांची जाणीव पंधरा पावलांत गेली. मग छतरू.

छतरूला चंद्रा नदी आहे. राखी, दुधाळ, हिमनद्यांनी दळलेल्या दगडाचं पीठ घेऊन जाणारी. ती बारालाचाच्या एका अंगाने निघते, दुसऱ्या अंगाने भागा निघते, आणि तांदीला दोघी भेटल्या की तिचं नाव चंद्रभागा. पुढे तीच चिनाब. आम्ही निघालो तेव्हा पालख्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या. आई दर वर्षी आळंदीपासून पहिले दोन मुक्काम चालते, या वर्षी गुडघ्यामुळे टीव्हीवरच बघत होती. हिमालयात चंद्रभागा आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने मोबाइल कानाशी घट्ट धरून विचारलं होतं, "आपलीच का गं?" मी म्हटलं, नाही आई, वेगळी. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "असू दे. घेऊन ये थोडं पाणी."

छतरूपर्यंत ती अर्धीच चंद्रभागा आहे, तरी मी बाटली घेऊन काठाशी उतरले. पाणी अंगावर येत होतं. एका खडकाला धरून वाकले आणि मनगटापर्यंत हात आत घातला. बाटली भरेपर्यंत बोटं बोथट झाली. वर घेतली, झाकण लावायला गेले, तर आटे जुळेनात. झाकण तिरकं बसायचं, सुटायचं. परत लावलं, परत सुटलं. भाऊ माझ्यामागे येऊन उभा होता. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि खडकावर माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"लाव, ताई," तो म्हणाला.

मी बाटली गुडघ्यांत धरली, बोटं तोंडाशी नेऊन फुंकली, आणि पुन्हा झाकण हातात घेतलं. तो माझ्या बोटांकडे बघत राहिला.